मुक्त प्रकल्पाची संहिता सर्वांची, मग नाव कोणाचे?

अनुस्वार (धागाकर्ता)

नमस्कार. मी पेशाने मुद्रितशोधक आहे. काही वर्षांपूर्वी हौसेने प्रोग्रॅमिंग शिकलो आणि ब्राउझरमध्ये मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या व जोडाक्षरांच्या चुका दाखवणारे एक छोटे एक्स्टेन्शन तयार केले. ते जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले केले, कारण मी स्वतः इतरांच्या खुल्या शब्दसूच्या वापरूनच ते उभे केले होते.

गेल्या महिन्यात एका शिक्षिकेचे संतप्त पत्र आले. 'तुमचे एक्स्टेन्शन माझ्या विद्यार्थ्यांना झटपट कर्जाच्या जाहिराती दाखवते,' अशी त्यांची तक्रार होती. माझ्या एक्स्टेन्शनमध्ये जाहिरात नावाची गोष्टच नाही. शोध घेतल्यावर कळले की कोणीतरी माझी संहिता (सोर्स कोड) जशीच्या तशी उचलून, तेच नाव आणि तेच चिन्ह ठेवून, वर जाहिराती चिकटवून ती एक्स्टेन्शन मिळण्याच्या दुसऱ्या ऑनलाइन दालनात ठेवली आहे.

संहिता उचलण्याला माझी हरकत नाही. तो हक्क मीच दिला आहे. परंतु त्याने माझ्या नावाने लोकांना फसवावे, हे मला सहन होत नाही. अशा वेळी मुक्तस्रोताचा पुरस्कर्ता म्हणवणाऱ्या माणसाने आपल्या प्रकल्पाच्या नावावर ट्रेडमार्कचा हक्क सांगावा का? की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे ते होईल?

रानजाई

मला तर हा सरळसरळ दुटप्पीपणा वाटतो. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे ही चार स्वातंत्र्ये द्यायची आणि पाचव्या दाराला कुलूप लावायचे. नावाशिवाय संहिता घेऊन कोणी काय करावे?

टर्मिनलवाला

रानजाई, नावाशिवाय काय करावे याचे उत्तर डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणक-प्रणालीच्या लोकांनी दहा वर्षे जगून दाखवले आहे, त्यामुळे ती गोष्ट सविस्तर सांगतो.

डेबियनमध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर येत असे, पण त्यावर तो प्रसिद्ध केशरी कोल्हा नसे. कारण कोल्ह्याच्या चित्राचा प्रताधिकार-परवाना मुक्त नव्हता आणि डेबियनच्या नियमांनुसार अमुक्त गोष्ट मुख्य संग्रहात ठेवता येत नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलातल्या मंडळींशी बोलून 'नाव ठेवा, चित्र नको' अशी तडजोड झाली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये मोझिलाच्या बाजूने डेबियनच्या दोषनोंदणीतच तक्रार दाखल झाली. नाव वापरायचे तर चित्रासकट वापरा आणि तुम्ही केलेले बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या, असा तिचा मथितार्थ होता.

खरी अडचण दुसऱ्या अटीत होती. डेबियनची स्थिर आवृत्ती वर्षानुवर्षे चालते. मोझिलाने एखाद्या जुन्या आवृत्तीचा आधार बंद केला तरी डेबियनचे लोक सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे नेऊन तिच्यात बसवतात. प्रत्येक दुरुस्तीसाठी बाहेरच्या संस्थेची मंजुरी घ्यायची म्हणजे काम ठप्प होणार. शिवाय केवळ डेबियनपुरती खास सवलत त्यांना घेता येत नव्हती, कारण डेबियनकडून संहिता घेणाऱ्या पुढच्या माणसालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत, असे त्यांचेच मार्गदर्शक तत्त्व आहे. मग त्यांनी नाव बदलले. फायरफॉक्सचे 'आइसवीझल', थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमचे 'आइसडव्ह' आणि सीमंकी या ब्राउझर-संचाचे 'आइसएप' झाले. २०१६ मध्ये समेट होऊन डेबियनमध्ये फायरफॉक्स पुन्हा फायरफॉक्स झाला.

या काळात संहितेच्या वापरावर तसूभरही बंधन आले नाही. मी स्वतः आइसवीझल वापरत होतो. त्रास एवढाच होता, की बँकेची काही संकेतस्थळे 'आपला ब्राउझर ओळखीचा नाही' असे म्हणत.

चहाबाज

काका, फायरफॉक्सलाही हे नाव तिसऱ्या खेपेला मिळाले, हे राहिलेच. आधी फिनिक्स होते. त्याच नावाची बायोस (संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) बनवणारी कंपनी आडवी आली, म्हणून २००३ मध्ये फायरबर्ड झाले. मग फायरबर्ड नावाच्या मुक्त डेटाबेसवाल्यांनी आरडाओरडा केला, म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स. दोनदा बारशाचे पेढे परत करावे लागलेल्या घराने दोन वर्षांत दुसऱ्याच्या बारशाला हरकत घेतली. सासुरवास भोगलेली सूनच पुढे कडक सासू होते.

रानजाई

टर्मिनलवाला, तुमचीच गोष्ट माझ्या बाजूची आहे. एका सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी मंजुरी मागणे ही मालकी नव्हे तर काय? डेबियनकडे मनुष्यबळ होते, म्हणून त्यांनी नाव बदलून दहा वर्षे निभावले. एकट्यादुकट्या माणसाला ते कसे जमावे?

टर्मिनलवाला

मोझिलाची ती अट जाचक होती, हे मला मान्य आहे. परंतु नावावर हक्क असणे आणि तो हक्क आडमुठेपणाने वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियनची मार्गदर्शक तत्त्वे स्वतःच म्हणतात की बदललेल्या कृतीने वेगळे नाव घ्यावे, अशी अट परवान्यात असली तरी तो परवाना मुक्तच मानावा. इतकेच काय, 'डेबियन' हे नावही नोंदलेले ट्रेडमार्क आहे.

कलम_तीस

मी वकिली करतो, तरी हा व्यावसायिक सल्ला समजू नये. चर्चेत तीन वेगळे हक्क एकत्र कालवले जात आहेत, म्हणून आधी ते वेगळे करतो.

प्रताधिकार संहितेच्या मजकुरावर असतो, पेटंट कल्पनेच्या तांत्रिक अंमलावर असते आणि व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) हे माल कोणाकडून आला हे ओळखण्याच्या खुणेवर असते. मुक्त परवाने मुख्यतः पहिल्याविषयी बोलतात. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे सहावे कलम तर नावे व चिन्हे वापरण्याची परवानगी देत नसल्याचे स्पष्टच सांगते. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतील सातव्या कलमानुसार मूळ लेखकाला तशी जादा अट घालता येते. म्हणजे 'एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले' हा धागाकर्त्यांचा सल कायद्याच्या दृष्टीने निराधार आहे, कारण नाव त्यांनी कधी दिलेच नव्हते.

भारतात १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम लागू आहे. सॉफ्टवेअरसाठी साधारणतः वर्ग ९ आणि सेवेच्या रूपात ते पुरवले जात असेल तर वर्ग ४२ मध्ये अर्ज करतात. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे. अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी नसली तरी आपण हात बांधून बसत नाही. दुसऱ्याने आपला माल तुमचा म्हणून खपवला तर 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो. मात्र त्यात तुमच्या नावाला बाजारात लौकिक होता, हे तुम्हाला सिद्ध करावे लागते.

देवनागरीप्रेमी

आपल्यापैकी बहुतेकांनी हे तत्त्व नकळत मान्य केलेले आहे. मराठीत वापरले जाणारे अनेक मुक्त फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट परवान्याखाली येतात. त्या परवान्यात 'राखीव नाव' ठेवण्याची सोय आहे. फॉन्टच्या कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर तुम्ही त्यातला 'ल' किंवा 'श' आपल्या पसंतीच्या मराठी वळणाचा करू शकता, तो वाटू शकता आणि पुस्तकात वापरू शकता; फक्त बदललेल्या फॉन्टला जुने नाव देता येत नाही.

यामागचे कारण अक्षरजुळणी करणाऱ्या कोणालाही पटेल. एकाच नावाचे दोन फॉन्ट दोन संगणकांवर असले की पानाची मांडणी बिघडते, ओळी सरकतात आणि शिव्या मूळ कर्त्याला बसतात. तिथे नाव राखणे ही वाचकाची सोय ठरते.

घरटे

मी लहान व्यावसायिकांसाठी वर्डप्रेसवर संकेतस्थळे बनवतो, त्यामुळे २०२४ चे भांडण माझ्या पोटापाण्याशी थेट जोडलेले होते. रानजाईंची शंका त्या प्रकरणात सर्वांत जास्त खरी ठरते, असे माझे मत आहे.

वर्डप्रेसचे व्यापारचिन्ह २०१० मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने वर्डप्रेस फाउंडेशनकडे सोपवले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कंपनीच्या हातातली चावी ना-नफा संस्थेकडे गेली, अशी आमची समजूत होती. परंतु व्यापारी वापराचा परवाना त्याच वेळी ऑटोमॅटिककडे परत आला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑटोमॅटिकचे प्रमुख मॅट मुलनवेग यांनी पोर्टलंडच्या वर्डकॅम्प या वर्डप्रेस-मेळाव्याच्या व्यासपीठावरून डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली. चिन्हाच्या वापराबद्दल त्या कंपनीकडे उत्पन्नाच्या ८ टक्क्यांची मागणी केली गेली. २ ऑक्टोबरला ती कंपनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गेली आणि १० डिसेंबरला न्यायालयाने तिच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला.

मधल्या काळात डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातून तोडले गेले आणि तिच्याकडचे एसीएफ नावाचे लोकप्रिय प्लगइन भांडाराच्या त्याच पत्त्यावर ठेवून वेगळ्या नावाने ताब्यात घेतले गेले. माझ्या एका शाळेच्या संकेतस्थळावरील प्रवेश-अर्ज त्याच प्लगइनवर उभा होता. भांडण कोणाचे, नुकसान कोणाचे!

आणखी एक बाब सांगतो. 'डब्ल्यूपी' ही आद्याक्षरे ट्रेडमार्कमध्ये येत नाहीत, असे फाउंडेशनचे धोरण वर्षानुवर्षे सांगत असे, आणि त्या विसंबण्यावर जगभरच्या लहान धंद्यांनी आपली नावे बेतली. भांडण पेटल्यावर त्या पानावरील मजकूर बदलला. नियम खेळाच्या मध्यात बदलणे हे मला मूळ आरोपांपेक्षाही अधिक खुपते.

सिंहगडरोडकर

घरटे यांच्याशी सहमत. भर घालतो, की वर्डप्रेस स्वतः २००३ मध्ये 'बी२' नावाच्या ब्लॉग-प्रणालीचा फोर्क (मूळ संहिता घेऊन वेगळा चालवलेला प्रकल्प) म्हणून जन्मले आणि त्यांनी तेव्हा स्वतःचे वेगळे नाव घेतले, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

चहाबाज

'फोर्क'ला मराठीत 'फाटा' म्हणावे, असा माझा जुना आग्रह आहे. फाट्यावर एसटी थांबते, माणसे उतरतात आणि चहाची टपरी कोणत्या गावाच्या नावाने चालवायची यावरून वाद होतो. सर्व मुक्तस्रोत त्यात आले.

ईशान्य_म्युनिक

इथे जर्मनीत वकिलाची ताकीद-नोटीस आणि तिच्यासोबत त्याच्या शुल्काचे बिल, असा प्रकार चालतो. २००१ मध्ये केडीई या मुक्त डेस्कटॉप-प्रकल्पाच्या 'केइलस्ट्रेटर' या चित्रकामाच्या मुक्त प्रोग्रॅमच्या लेखकाला अडोबीच्या चिन्हावरून अशीच नोटीस आली आणि प्रोग्रॅमचे नाव 'कोंटूर' करावे लागले. खरे सांगायचे तर ते मूळ नाव निवडताना थोडा विचार करायला हवा होता. मोठ्याच्या नावापुढे एक अक्षर जोडून 'आमचे वेगळे आहे' म्हणणे न्यायालयात टिकत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. २०१४ मध्ये ग्रुपॉन या कंपनीने दुकानातील विक्रीच्या टॅब्लेटसाठी 'जीनोम' हे नाव घेतले आणि अमेरिकेत त्याचे २८ अर्ज भरले. जीनोम या मुक्त डेस्कटॉपच्या फाउंडेशनकडे हे नाव २००६ पासून नोंदलेले होते. त्यांनी हरकतीच्या खर्चासाठी लोकांकडे ८०,००० डॉलर मागितले, जगभर गदारोळ झाला आणि कंपनीने लगेच माघार घेतली. त्यांच्याकडे नोंदणीच नसती तर नुसत्या गदारोळावर हे झाले असते का, याची मला शंका आहे.

रानजाई

ईशान्य, ८०,००० डॉलर गोळा करू शकणारी संस्था हे उदाहरण मुद्रितशोधकाला काय कामाचे?

टर्मिनलवाला

मग बिनपैशाचे उदाहरण घ्या. २०११ मध्ये व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या लोकांनी जाहीर तक्रार केली होती, की अनेक भामटे त्यांचा प्लेअर जाहिरातींच्या कचऱ्यासकट वाटतात, शोधयंत्रांत जाहिराती देऊन वर चढतात आणि एका ना-नफा संस्थेकडे त्या सर्वांशी लढायला पैसा नाही. धागाकर्त्यांची तक्रार हुबेहूब तीच आहे. वापरणारा भामट्याला ओळखत नाही. तो व्हीएलसीलाच दूषण देतो.

रानजाई, तुम्ही नावाच्या हक्काकडे मालकाचे कुंपण म्हणून पाहता. पण ज्या शिक्षिकेने पत्र लिहिले, तिने परवाना वाचून एक्स्टेन्शन घेतले नव्हते. तिच्याजवळ विश्वास ठेवायला नावापलीकडे दुसरे काही नव्हते.

रानजाई

शिक्षिकेचा मुद्दा मला मान्य आहे. तरी नावाची चावी एका व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या खिशात असण्याला माझा विरोध कायम आहे. हडसन या, संहिता आपोआप जुळवून तपासणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमचे काय झाले ते पाहा. कोसुके कावागुची यांनी सन या कंपनीत असताना ते सुरू केले, पुढे ऑरेकलने सन विकत घेतली आणि नावावर हक्क सांगितला. जानेवारी २०११ मध्ये समुदायाने २१४ विरुद्ध १४ मतांनी 'जेन्किन्स' हे नवे नाव घेतले. ज्यांनी वर्षानुवर्षे प्लगइन लिहिले, त्यांनी आपलेच घर सोडून बाजूला बिऱ्हाड मांडायचे!

सिंहगडरोडकर

आणि त्या बिऱ्हाडाला आज सगळे ओळखतात, मूळ वाडा मात्र ओस पडला. जाळ्यावरील वाहतूक तपासणाऱ्या इथीरियल या प्रोग्रॅमचेही तेच झाले. त्याचे कर्ते जेराल्ड कोम्ब्स यांनी २००६ मध्ये नोकरी बदलली. संहिता सोबत नेता आली, नावाचे हक्क मात्र जुन्या कंपनीकडे राहिले, म्हणून वायरशार्क जन्माला आले. जाळ्याचे काम शिकणाऱ्या आजच्या मुलांना 'इथीरियल' हा शब्द माहीतही नसतो. सिद्धीस जाणारे काम सोबत असेल तर लोक नवे पाटीनाव वाचायला शिकतात.

कलम_तीस

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट निसटते आहे. नाव कोणीच नोंदले नाही तर ते सर्वांचे राहील, असे गृहीत धरू नये. बॉस्टनमधील एका गृहस्थाने ऑगस्ट १९९४ मध्ये 'लिनक्स' या नावासाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी त्याला नोंदणी मिळालीही. १९९६ मध्ये त्याने लिनक्सवर धंदा करणाऱ्यांकडे १० टक्के स्वामित्वशुल्काची मागणी सुरू केली. लिनस तोरवाल्ड्स आणि काही कंपन्यांनी दाद मागितल्यावर १९९७ मध्ये तडजोड होऊन चिन्ह तोरवाल्ड्स यांच्या नावावर झाले. ज्या माणसाला नावाच्या मालकीत काडीचा रस नव्हता, त्यालाच शेवटी मालक व्हावे लागले.

दुसरी बाजूही सांगतो. चिन्हाचा मालक झाल्यावर गप्प बसता येत नाही. कोणीही कसेही नाव वापरले आणि तुम्ही गुणवत्तेवर लक्षच ठेवले नाही, तर चिन्हाची ओळख पटवण्याची शक्ती क्षीण होते आणि पुढे तुमचाच दावा कमकुवत ठरतो. म्हणून मुक्त प्रकल्पांच्या धोरणांत वकिली भाषा शिरते आणि समुदाय बिथरतो. एप्रिल २०२३ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या फाउंडेशनने ट्रेडमार्क-धोरणाचा मसुदा मांडला तेव्हा इतका रोष उसळला की त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अनुस्वार, तुम्ही एवढे लिहिलेत, पण एक्स्टेन्शनचे नाव सांगितले नाही. सगळे त्यावर अवलंबून आहे.

अनुस्वार

नाव अगदी साधे आहे, 'मराठी शुद्धलेखन'. नकलेचेही तेच आहे, फक्त तिथे 'शुध्दलेखन' असे लिहिले आहे, म्हणजे ध ला द जोडलेला.

चहाबाज

म्हणजे शुद्धलेखन तपासणाऱ्याने स्वतःचे नावच अशुद्ध लिहिले! ती नक्कल आपल्याच पाटीखाली लाल रेघ ओढते का, हे कोणी तपासले आहे का?

अनुस्वार

मी तपासले. ओढते. द्ध-ध्दचा नियम मीच लिहिला होता आणि त्याने तो काढलेला नाही.

कलम_तीस

हसून झाल्यावर वाईट बातमी देतो. अक्षरबदल करून नाव वेगळे होत नाही. फसवणुकीइतके साम्य असले की पुरे. परंतु 'मराठी शुद्धलेखन' हे नाव वस्तूचे नुसते वर्णन आहे. अधिनियमाच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार वा उपयोग सांगणारे शब्द सहसा नोंदता येत नाहीत, कारण ते शब्द व्यवसायातील सर्वांना लागतात. दीर्घ वापराने त्या शब्दांना वेगळी ओळख आली आहे, हे पुराव्याने दाखवता आले तरच अपवाद होतो. काही हजार वापरकर्त्यांवर ते सिद्ध करणे अवघड आहे. चिन्हाचे चित्रही तुम्ही संहितेच्या भांडारातच ठेवले असेल, तर तेही जीपीएलखाली गेले, असा युक्तिवाद समोरचा करील.

तुमच्या हातात याहून सोपा मार्ग आहे. त्याने बदललेल्या प्रतीची पूर्ण मूळ संहिता उपलब्ध केली आहे का? आपण बदल केले, ही सूचना तारखेसह दिली आहे का? तुमची प्रताधिकाराची नोंद ठेवली आहे का? जीपीएलनुसार या गोष्टी बंधनकारक आहेत. त्या नसतील तर परवान्याचा भंग होतो आणि तुम्ही ट्रेडमार्कचे नाव न काढता, केवळ प्रताधिकाराच्या आधारे दालनाकडे तक्रार करू शकता.

रानजाई

म्हणजे मुक्त परवानाच त्याच्या संरक्षणाला आला. माझ्याकडून या मार्गाला विनातक्रार पाठिंबा.

देवनागरीप्रेमी

त्याचबरोबर नव्या आवृत्तीपासून वेगळे, स्वतःचे असे नाव घ्या, आणि चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या परवान्याखाली ठेवा. एका पानाचे साधे धोरणही लिहा: संहिता न बदलता वाटणाऱ्याने नाव खुशाल वापरावे, बदलणाऱ्याने 'अमुकवर आधारित' असे लिहून आपले वेगळे नाव घ्यावे.

अनुस्वार

सर्वांचे आभार. मी नकलेची प्रत उतरवून पाहिली. संहिता दाबून एका ओळीत कोंबलेली आहे, मूळ फायली कुठेच नाहीत आणि माझी प्रताधिकाराची नोंद खोडलेली आहे. काल दालनाकडे तक्रार पाठवली. त्या शिक्षिकेनेही पडद्याची चित्रे पाठवून मदत केली.

नव्या नावासाठी 'काकपद' सुचले आहे. मुद्रितात शब्द राहिला की तो कुठे घालायचा हे दाखवण्यासाठी आम्ही जी खूण करतो, ती. नोंदणीच्या सार्वजनिक शोधात वर्ग ९ मध्ये मला हे नाव सापडले नाही. अर्ज माझ्या एकट्याच्या नावावर करू की आमच्या चार जणांच्या गटाची संस्था आधी नोंदवू, हे ठरायचे आहे. रानजाईंचा आक्षेप डोक्यातून जात नाही.

कलम_तीस

उच्चारसाम्यानेही शोध घ्या. 'काकपाद' आणि 'काकापद' दोन्ही पाहा. वर्ग ४२ ही बघून ठेवा. संस्थेचे ठरायला वेळ लागणार असेल, तर अर्ज आधी स्वतःच्या नावावर करून नंतर हस्तांतरण करता येते; मात्र तसे करणार असल्याचे चौघांनी आत्ताच लिहून सह्या करून ठेवा.

रानजाई

त्या कागदाचा मसुदा इथे टाका. मी वाचून खोट काढते.

चहाबाज

मी चिन्हासाठी कावळा काढून देतो. चित्राचा परवाना काय लिहू, ते आधी सांगा.